देवाचा मुक्काम

क्षेत्रफळात कॅनडाचा क्रमांक रशियाच्या खालोखाल लागतो. सुमारे 99.8 लाख चौरस किलोमीटर, म्हणजे भारताच्या तिप्पट जमीन आणि माणसे जेमतेम चार कोटी. त्यांतलीही दोन-तृतीयांश दक्षिण सीमेलगतच्या शंभर किलोमीटरांत राहतात. दहा प्रांत आणि तीन प्रदेश मिळून झालेल्या या देशाच्या नकाशाचा वरचा भाग बघणाऱ्याला ओसाड वाटतो. फर्स्ट नेशन्स, इन्युइट आणि मेती या मूळ समाजांना मात्र तो कधीच ओसाड वाटलेला नाही. त्यांच्या लेखी डोंगर, नदी, खोरे यांत कोणी ना कोणी राहते. सरकारने ही श्रद्धा मोडून काढण्याचे प्रयत्नही केले. पश्चिम किनाऱ्यावरचा पोटलॅच हा दानविधी 1885 पासून 1951 पर्यंत कायद्याने गुन्हा होता.

देव जागेचा असतो की भक्तांचा, हा जुना प्रश्न या देशात थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या जंबो खोऱ्यात स्कीइंगसाठी बारमाही पर्यटनस्थळ उभारायला 2012 साली मंजुरी मिळाली. क्टुनाहा समाजाच्या श्रद्धेप्रमाणे हे ग्रिझली अस्वलाच्या आत्म्याचे ठाणे. तिथे कायमची बांधकामे झाली तर तो आत्मा खोरे सोडून जाईल, मग प्रार्थना करायची कोणाची, असा त्यांचा सवाल होता. 2 नोव्हेंबर 2017 रोजी ते हरले. बहुमताचे म्हणणे असे: घटना श्रद्धा बाळगण्याचे आणि ती आचरण्याचे स्वातंत्र्य राखते, श्रद्धेच्या विषयाला ती संरक्षण देत नाही. दोन न्यायमूर्तींना हे पटले नाही. आत्माच निघून गेला तर उरलेला विधी पोकळ ठरेल, हे त्यांनी मान्य केले. पण मंत्र्यांचा निर्णय त्यांनीही उलटवला नाही. पुढे 2020 मध्ये हा प्रकल्प कायमचा गुंडाळला गेला, तो वाटाघाटींतून.

या निकालामागे धर्म म्हणजे मनातला विश्वास, ही प्रॉटेस्टंट वळणाची कल्पना आहे. भारतीय कायदा वेगळ्या वाटेने गेला. कलकत्त्याच्या मलिक घराण्यात कुलदेवाची पूजा पाळीपाळीने होई, आणि आपल्या पाळीत देव आपल्या घरी न्यावा असे एकाने ठरवले. 1925 साली प्रिव्ही कौन्सिलने निर्णय दिला, की मूर्ती ही कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती आहे आणि कुठे राहायचे याबाबत तिची इच्छा मानली पाहिजे. देवाच्या वतीने बोलायला त्रयस्थ माणूस नेमावा, असेही सांगितले. कॅनडातल्या अस्वलाला असा कोणी मिळाला नाही.

तुळजापूर तालुक्यात हा पेच न्यायालयाविना सुटलेला दिसतो. नळदुर्गचा खंडोबा आणि अणदूरचा खंडोबा हे दोन देव नव्हेत. मूर्ती एकच, देवळे दोन. वर्षातले सुमारे दहा महिने देव अणदूरला असतो आणि उरलेले दोन नळदुर्गजवळच्या मैलारपुरात. पौष पौर्णिमेची मोठी यात्रा भरते ती तिथेच. देव हलवण्यापूर्वी दोन्ही गावच्या मानकऱ्यांत लेखी करार होतो: अमुक दिवशी नेऊ, अमुक दिवशी परत आणून पोचवू. शेतजमिनीच्या व्यवहारात असतो तसा हा रोखठोक कागद, आणि विषय साक्षात मार्तंडभैरव! इथे देव जागेचाही आहे आणि माणसांचाही. तो उठून जाऊ शकतो, एवढेच की त्याच्या जाण्यायेण्याला तिथी ठरलेली असते. क्टुनाहांच्या खोऱ्यातून गेलेला आत्मा परतण्याची हमी कोणी देत नव्हते. खरा फरक तिथे आहे.

आज कॅनडात हिंदूंची संख्या 2021 च्या जनगणनेप्रमाणे सव्वाआठ लाखांहून अधिक आहे आणि त्यात मराठी घरेही आहेत. चंपाषष्ठीला ताम्हणात खोबरे, भंडारा, विड्याची पाने ठेवून तळी उचलायला टोरांटोच्या फ्लॅटमध्येही अडचण येत नाही. कुलदैवताचे टाक हातभर कापडात गुंडाळून कुठेही नेता येतात. पंचाईत होते ती संकल्पाच्या वेळी. पूजेआधी यजमानाने आपण कुठे बसलो आहोत हे सांगायचे असते. नळदुर्गच्या माणसाला जंबुद्वीप, भरतखंड, दंडकारण्य, गोदावरीचा दक्षिण तीर ही नावे घेताना काहीच अडत नाही, कारण तो खरोखर गोदावरीच्या दक्षिणेला बसलेला असतो. ऑन्टॅरिओ सरोवराच्या काठी बसलेल्याने काय म्हणायचे? उत्तर अमेरिकेतले काही पुरोहित पुराणांतले क्रौंचद्वीप तिकडे नेऊन बसवतात. भूगोल म्हणून हे टिकणार नाही. तरी त्यामागची शिस्त खरी आहे: खोटा पत्ता सांगून देवाला बोलावू नये.

नवस फेडायला मात्र टाक पुरत नाहीत, ठाण्यावरच जावे लागते. तो नळदुर्गच्या खंडोबाचा असेल तर विमानाचे तिकीट काढण्याआधी देव त्या महिन्यात कोणत्या गावी आहे, याची चौकशी करावी लागते.