कोऱ्या हिमावरची पहिली रेघ

आमच्या लहानपणी हिम म्हणजे कापूस. नाताळ जवळ आला की आई जुन्या उशीतला कापूस पिंजून द्यायची आणि आम्ही भावंडे तो गोठ्याच्या गवती छपरावर पसरून ठेवीत असू. वसईच्या अंगणात अनवाणी उभे राहून आम्ही हिमवृष्टी करीत होतो. खरे हिम पायांखाली आले ते वयाची पन्नाशी उलटल्यावर, ऑस्ट्रियाच्या टिरोल प्रांतात. तेथील एका डोंगरी धर्मग्रामाचे धर्मगुरू आजारी होते. त्यांच्या जागी हिवाळ्याचे सहा आठवडे मिस्सा, प्रवचने आणि अंत्यविधी सांभाळण्याचे काम माझ्याकडे आले. माझी जर्मन भाषा विद्यार्थिदशेत रोमला शिकलेली आणि आता गंजलेली. त्यामुळे माझी प्रवचने लहान होत आणि लोक संतुष्ट असत.

गाव आर्लबर्ग खिंडीच्या पायथ्याशी होते. या खिंडीच्या आसपास सांक्ट आन्टोन, सांक्ट क्रिस्टोफ, स्टुबेन, त्स्युर्स, लेश, वार्ट अशी गावे वसलेली आहेत आणि २०१६ सालापासून ती सारी रोपवेंनी एकमेकांना जोडली गेली आहेत. ८०हून अधिक रोपवे आणि ३०० किलोमीटरांहून अधिक लांबीचे आखीव मार्ग, एवढा हा पसारा. कोठे नवशिक्यांसाठी अंगणासारखा सपाट उतार, कोठे अरुंद घळ, कोठे झाडीतून जाणारी वाट, तर कोठे जणू कड्यावरूनच खाली सोडलेली काळी पाटी. आखीव मार्गांवर रात्री यंत्रे फिरतात व हिम दाबून एकसारखे करतात. निळा, लाल, काळा अशा रंगांच्या खुणांनी त्यांची अवघडता दाखविलेली असते. रात्री फार हिम पडले असेल तर पहाटे स्फोट घडवून धोक्याचे थर मुद्दाम खाली पाडले जातात. मी प्रार्थनेला बसलेलो असताना खिडकीच्या काचा थरथरत. या मार्गांच्या कडेच्या खांबांपलीकडे मात्र कोणी काही केलेले नसते. तेथे जे असते त्याला तेथील लोक नुसते ‘पावडर’ म्हणतात.

मी स्की पायांना बांधली नाही. हाडे अजून उपयोगाची आहेत. परंतु पायी प्रवाशाचे तिकीट काढून पाळण्यातून वर जात असे आणि काचेतून पाहत असे. थंडीत पडलेले कोरडे, ताजे हिम दिसायला घन, पण त्यात बहुतेक हवाच असते. त्यावर उतरणारा माणूस गुडघ्यापर्यंत, कधी कमरेपर्यंत बुडतो, आणि तरी बुडत नाही, तरंगतो. आवाज होत नाही. मागे धुराळा उठतो आणि त्या धुराळ्यातून एक वळणावळणाची रेघ उमटत जाते. कोऱ्या उतारावरची ती पहिली रेघ पाहताना, खरे सांगतो, मला हेवा वाटला. तासाभराने तेथे दहा रेघा असत आणि दुपारी तो उतार नांगरलेल्या शेतासारखा दिसे. हे सुख घेताच खर्ची पडते आणि नंतर येणाऱ्याला ते मिळत नाही. म्हणून तर हिमवृष्टीनंतरच्या सकाळी सारे गाव घाईत असते.

हा श्रीमंतांचा खेळ, त्याच्याशी आपल्याला काय कर्तव्य, असे काही वाचक म्हणतील. खेळ महाग आहे हे खरे. पण आर्लबर्गमध्ये स्की प्रथम आणणाऱ्यांत वार्ट गावाचे धर्मगुरू योहान म्युलर हे होते. १८९४-९५च्या हिवाळ्यात त्यांनी परदेशातून लाकडी स्की मागविल्या, लोक हसतील म्हणून रात्री गुपचूप सराव केला आणि मग हिमावरून घसरत शेजारच्या लेश गावच्या धर्मगुरूंना भेटायला गेले. पोप दुसरे जॉन पॉल पोपपदावर असतानाही, १९८४ साली, इटलीतील आदामेल्लो पर्वतावर स्की करून आले होते. संत थॉमस अक्वायनस यांनी तर खेळकरपणाला सद्‌गुणांत स्थान दिले आहे आणि इतरांच्या आनंदावर विरजण घालणाऱ्या रुक्षपणाला दोष मानले आहे. तेव्हा खेळ हा माझा प्रश्न नाही. माझा प्रश्न त्या खांबांपलीकडच्या पावलाचा आहे.

तो प्रश्न मला सुचविला खिंडीनेच. खिंडीच्या माथ्यावर, सुमारे १८०० मीटर उंचीवर, सांक्ट क्रिस्टोफ आहे. पूर्वी या वाटेने जाणारे व्यापारी, मजूर, यात्रेकरू हिवाळ्यात हिमात अडकून मरत. वसंतात त्यांची प्रेते खाली आणली जात. खालच्या खोऱ्यात हाइनरिख नावाचा एक अनाथ, कोणाला तरी सापडलेला मुलगा डुकरे राखीत असे. ती प्रेते पाहून तो अस्वस्थ झाला. वर्षानुवर्षे चाकरी करून जमविलेली १५ गुल्डनांची पुंजी त्याने काढली, ड्यूक लिओपोल्ड तिसरा यांची परवानगी मिळविली आणि १३८६ साली खिंडीत प्रवाशांसाठी आसरा उभारायला घेतला. पहिल्याच हिवाळ्यात सात माणसांचे प्राण वाचले, असे त्याने नोंदवून ठेवले आहे. आश्रमाच्या कार्याला हातभार लावण्यासाठी स्थापन झालेला बंधुसंघ आजही आहे आणि अडचणीतील कुटुंबांना मदत करतो. तेथील प्रार्थनामंदिरात संत ख्रिस्तोफरचा एक मोठा लाकडी पुतळा होता. टिरोलमधील गरिबांची मुले दर वर्षी वसंताच्या तोंडावर, हिम वितळलेले नसतानाच, जर्मनीत गुरे राखायला पायी जात. ती मुले त्या पुतळ्याचा एक छिलका काढून खिशात ठेवीत. त्यामुळे घराची आठवण छळत नाही, अशी समजूत होती. १९५७ साली आश्रमाला लागलेल्या आगीत तो पुतळा जळाला. छिलके काढून काढून संतांचे किती उरले होते, कोणास ठाऊक!

आणि याच आश्रमात १९०१ साली आर्लबर्गचा स्की क्लब स्थापन झाला. ज्या हिमातून माणसांना ओढून काढण्यासाठी हे घर बांधले गेले, त्याच हिमात हौसेने जाण्याचा बेत त्याच घरात शिजला. यात मला विसंगती दिसते, पण निषेध करावासा वाटत नाही. भयाचे आनंदात रूपांतर व्हावे, हीदेखील एक प्रकारची मुक्तीच. फक्त हिम बदललेले नाही, एवढे ध्यानात ठेवावे लागते.

हिमस्खलन कसे होते ते मला समजावून दिले आमच्या चर्चची दारे उघडणाऱ्या व मिस्साची तयारी करणाऱ्या गृहस्थांनी. धंद्याने ते सुतार, आणि वीस वर्षे पर्वतीय बचाव पथकाचे स्वयंसेवक. ऑस्ट्रियात हे पथक बव्हंशी असे बिनपगारी लोकच चालवितात. पावडरचा आनंद देणारा उतार साधारण ३० ते ४५ अंशांचा असतो, आणि कोसळणारा उतारही नेमका तेवढ्याच अंशांचा असतो. वरचा थर वाऱ्याने घट्ट झालेला, खाली कोठेतरी साखरेसारखे सुटे कण. वरून ते दिसत नाही. एकाचे वजन पडते, भेग पळत जाते आणि सारा उतार टेबलावरील चादर ओढावी तसा सरकतो. माणसे गाडली जातात अशा दर दहांपैकी नऊ घटनांत तो थर त्या माणसाने किंवा त्याच्या सोबत्यानेच मोडलेला असतो. गाडलेल्याला पहिल्या पंधरा मिनिटांत बाहेर काढले तर वाचण्याची आशा पुष्कळ. अर्धा तास उलटला की ती फार थोडी. हेलिकॉप्टर यायला बहुधा त्याहून वेळ लागतो. म्हणजे वाचविणारा असतो तो सोबती. छातीशी बांधलेले संदेशयंत्र, हिमात खुपसायची लांब काठी आणि फावडे, ही तीन साधने माणूस सोबत नेतो ती केवळ स्वतःसाठी नव्हेत. त्याच्या फावड्याने वाचायचा तो दुसराच.

लेश गावात १७ फेब्रुवारी २०१२ रोजी नेदरलँड्सचे राजपुत्र फ्रिसो आखीव मार्गाबाहेर गेले असता असे गाडले गेले. त्या दिवशी धोक्याची पातळी पाचपैकी चार होती. सुमारे पंचवीस मिनिटांनी त्यांना काढले. सोबतचा बालमित्र वाचला. राजपुत्र शुद्धीवर आले नाहीत आणि ऑगस्ट २०१३मध्ये वारले. त्यांच्या चुकीची चर्चा करणे हा माझा अधिकार नाही. मला आठवतात ती त्यांची आई, पत्नी, दोन लहान मुली, आणि तो वाचलेला मित्र.

“माझा जीव, माझी जोखीम” हे वाक्य तरुणांच्या तोंडी आपण नेहमी ऐकतो. मी ते त्या सुतारबाबांपुढे ठेवले. तुम्हाला यांच्यामुळे रात्री-अपरात्री जीव धोक्यात घालून वर जावे लागते, राग येत नाही का? ते म्हणाले, “फादर, आम्हाला कोणी बोलावत नाही, आम्ही आपण होऊन जातो.” मग थोडे थांबून म्हणाले, “पण आम्ही येऊच, असे धरून कोणी निघाला, तर तो चोर.” हा शब्द त्यांनी जोरात उच्चारला नाही. मला तो सेमिनरीतील नीतिशास्त्राच्या कितीतरी तासांहून अधिक कामाचा वाटला. दुसऱ्याचे औदार्य त्याने देईपर्यंत त्याचेच असते. ते आधीच आपल्या जमेच्या बाजूला मांडून बेत आखणे म्हणजे न मागता उचलणेच.

१९९२च्या कॅथोलिक धर्मशिक्षण ग्रंथात नशेमुळे किंवा वेगाच्या हव्यासापोटी रस्त्यावर, समुद्रात वा आकाशात स्वतःची आणि इतरांची सुरक्षितता धोक्यात घालणाऱ्यांना गंभीर दोषी मानले आहे. डोंगराचा उल्लेख राहून गेला, पण आशय स्पष्ट आहे. थॉमस अक्वायनसही धैर्याच्या एका बाजूला भित्रेपणा व दुसऱ्या बाजूला अविचारी धाडस ठेवतात आणि दोन्हींना दोष म्हणतात. हे सारे मला तोंडपाठ होते. तरीही मी एकदा चुकलो आहे. नवाच धर्मगुरू असताना, एका जुलैत, ओढ्यावरील फरशीवरून पाणी वाहत असताना मी एका आजाऱ्याला अंत्यलेपन देण्यासाठी मोटारसायकल त्या पाण्यात घातली. मागे वेदीसेवक मुलगा बसला होता, तेरा वर्षांचा. आम्ही पार झालो. आजारी माणसाला संस्कार मिळाला, गावात माझे कौतुक झाले, आणि ते मला आवडले. त्या मुलाला मी विचारले नव्हते. त्याच्या आईला तर नाहीच. कर्तव्य खरे होते. पण तासाभरात पाणी ओसरले असते हे मला माहीत होते, आणि आजारी माणूस पुढे आणखी आठ दिवस जगला.

असे पार झालो की माणूस काय शिकतो? पुढच्या वेळीही जमेल, हे शिकतो. हिमाचे शिक्षण याच कारणाने फसवे असते. ज्या उतारावरून दहा वेळा सुखरूप उतरलो तो अकराव्या वेळी मोडतो, आणि दहाही वेळा तो मोडण्याच्या किती जवळ होता हे कोणी सांगत नाही. अमेरिकेतील इयन मकॅमन यांनी ७००हून अधिक हिमस्खलनांच्या नोंदी तपासल्या. धोक्याचे ज्ञान घेतलेले लोकही उघड खुणा समोर असताना पुढे गेलेले त्यांना आढळले. जागा ओळखीची होती, सोबत कोणी अनुभवी होता, चारचौघांत मागे फिरायची लाज वाटली, ठरविलेले तडीस न्यायचे होते, दुसरे कोणी आपल्या आधी कोऱ्या हिमावर पोहोचेल ही धास्ती होती. यातील एकही कारण हिमासंबंधी नाही. पापनिवेदनाच्या खुर्चीत इतकी वर्षे बसल्यावर ही यादी मला अनोळखी वाटली नाही.

व्हाल्लुगा हे तेथील उंच शिखर, २८०० मीटरांहून थोडे अधिक. माथ्यापर्यंत शेवटचा छोटा पाळणा जातो. पण सोबत परवानाधारक मार्गदर्शक नसेल तर त्यात स्की नेऊ देत नाहीत. उत्तरेकडील उतार खाली कड्याशी जातो, म्हणून. मी वर गेलो त्या दिवशी एक तरुण पाळणेवाल्याशी हुज्जत घालीत होता. त्याला उतार ठाऊक होता, असे तो पुन्हा पुन्हा सांगत होता, आणि कदाचित खरेही असेल. पाळणेवाला फक्त विचारीत होता, “तुमच्याबरोबर कोण आहे?” हा नियम मला इतर सर्व बंदी-फलकांहून शहाणा वाटतो. जाऊ नका, असे तो म्हणत नाही. एकट्याचे म्हणून जाऊ नका, एवढेच म्हणतो. काही जण यालाही स्वातंत्र्यावरील घाला समजतात. मला ते पटत नाही. सोबत्याने “आज नको” म्हटले तर मागे फिरण्याची ज्याची तयारी आहे, त्याच्या सुखाआड मी तरी येणार नाही.

माझ्या तेथील शेवटच्या रविवारी रात्रभर हिम पडले होते. सकाळी आकाश निळे. चर्चमधील मागची बाके रिकामी. तरुण मंडळी केव्हाच वर गेली होती. सुतारबाबा मात्र हजर होते. मेणबत्त्या पेटवून ते माझ्याजवळ आले आणि हलक्या आवाजात म्हणाले, “फादर, अर्धा मीटर पडलंय.” मी त्यांच्याकडे पाहिले. जाड कोटाच्या आत छातीवर ते यंत्र बांधलेले दिसत होते. दाराशी त्यांची सून दोन्ही फावडी घेऊन उभी होती. मी प्रवचनाची शेवटची दोन पाने वेदीवरच उलटी करून ठेवली.