उगची मऊ विजार

शोध लावायला काय लागतं? गरज आणि बुद्धी, असं आपण पटकन सांगतो. रेमंड ब्रिग्ज या इंग्रज चित्रकार-लेखकाचं २००१ सालचं ‘उग’ हे चित्रपुस्तक मुलांना खदाखदा हसवत दाखवून देतं, की एवढ्याने भागत नाही.

उग हा अश्मयुगातला मुलगा. त्याच्या घरात सगळं दगडाचं. पांघरूण दगडाचं, विजारही दगडाची! त्याला मऊ विजार हवी आहे. आईला हे खूळ वाटतं, बाप मात्र मदतीला उभा राहतो. दोघं मॅमथच्या कातड्यापर्यंत पोचतात आणि तिथेच अडतात. तुकडे एकमेकांना जोडायचे कसे? शिवणकाम अजून कुणाला सुचलेलंच नाही.

मुलं हसतात ती दगडी विजारीला. पण गोष्टीचं मर्म या अडण्यात आहे. गरज खरी, कल्पना बरोबर, कातडंही मिळण्याजोगं. नाही ती फक्त सुई. आणि सुई तरी एकटी कुठे येते? हाड घासून टोकदार करायला हवं, ते न मोडता नेढं पाडायला हवं, नेढ्यातून जाईल असा चिवट दोरा हवा. शोधांची अशी उतरंड असते. खालचं मडकं नसेल, तर वरचं ठेवायचं कशावर?

खऱ्या इतिहासात ही उतरंड फार सावकाश रचली गेली. सायबेरियात सापडलेल्या हाडाच्या सुया सुमारे ४०,००० वर्षांपूर्वीच्या आहेत. आल्प्सच्या बर्फात १९९१ मध्ये सापडलेला ‘ओट्झी’ हा गोठून टिकलेला माणूस सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीचा. त्याच्या पायांवर कातड्याचे तुकडे शिवून केलेली आवरणं होती. चीनमधल्या तुर्फानजवळ मिळालेली लोकरीची विजार सुमारे ३,००० वर्षांची. यांतल्या एकाही कारागिराचं नाव आपल्याला ठाऊक नाही.

उगला मऊ विजार मिळत नाही, तरी तो मला शोधकच वाटतो. सगळे निमूट घालतात ती विजार बोचते, हे तो बोलून दाखवतो. उतरंडीचं सगळ्यात खालचं मडकं हेच असतं. मुलांना यशस्वी शोधकांच्या गोष्टी आपण पुष्कळ सांगतो. वेळेच्या फार आधी योग्य प्रश्न विचारणाऱ्याची गोष्टही त्यांना सांगायला हवी. आणि मोठ्यांनी त्यातून उगच्या बापाचा गुण घ्यावा: उत्तर माहीत नसतानाही मुलाबरोबर शोधायला निघण्याचा.