‘ताओ’ आणि परमार्ग

इ. स. ६४७ च्या सुमारास कामरूपाचा राजा भास्करवर्मा याने चीनच्या राजदूताजवळ लाओत्सेच्या ग्रंथाचे संस्कृत भाषांतर मागितले. सम्राटाच्या आज्ञेने हे कार्य बौद्ध पंडित ह्युएनत्संगाकडे आले व ताओमताचे आचार्य त्याच्या साहाय्यास देण्यात आले. ‘ताओ’ या शब्दावरच वाद उभा राहिला. त्यास ‘बोधि’ म्हणावे असा आचार्यांचा आग्रह होता. ह्युएनत्संगाने ‘मार्ग’ हाच शब्द धरून ठेवला. ते भाषांतर आज उपलब्ध नाही. पण ज्या संप्रदायाचे एक प्राचीन नाव ‘परमार्ग’ असे आहे, त्याच्या अनुयायांस हा वाद परका वाटू नये. मार्ग म्हणजे जाणून घ्यावयाचे तत्त्व, की ज्यावरून चालावयाचे ती वाट?

चिनी भाषेत या मताची दोन नावे आहेत : ‘ताओ-चिया’, म्हणजे ताओचा विचारसंप्रदाय, आणि ‘ताओ-च्याओ’, म्हणजे ताओचा धर्म. पहिल्याचा आधार ‘ताओ ते चिंग’ हा एक्याऐंशी अध्यायांचा, सुमारे पाच हजार अक्षरांचा लहानसा ग्रंथ. त्यात पूजाविधी नाही. सर्वांच्या मुळाशी असलेले तत्त्व नामातीत आहे. मनुष्याने अहंकाराची ओढाताण सोडून पाण्यासारखे नम्रपणे वागावे, हा त्याचा आशय. यासच ‘वू-वेइ’ म्हणतात. त्याचा अर्थ आळस नव्हे. जे करावयाचे ते आग्रहावाचून करणे होय. दुसऱ्याचा आरंभ इ. स. १४२ मध्ये, सध्याच्या स्सचुआन प्रांतात चांग ताओ-लिंग याने केला असे परंपरा सांगते. त्याच्या समाजात लाओत्से हा देव झाला, प्रत्येक कुटुंबाकडून पाच मापे तांदूळ घेतले जाऊ लागले, आणि रोग्याने एकांतगृहात बसून आपल्या दोषांचा उच्चार करावा, असा नियम झाला. पुढे मंत्र, ताईत, दीर्घायुष्याची रसायने यांची भर पडली. इ. स. १४४५ मध्ये मुद्रित झालेला ताओधर्मग्रंथांचा संग्रह पाच हजारांहून अधिक खंडांचा आहे.

एकोणिसाव्या शतकातील कित्येक पाश्चात्त्य पंडितांनी यावरून निर्णय दिला की, तत्त्वज्ञान शुद्ध होते, धर्माने ते भ्रष्ट केले. हा निर्णय घाईचा आहे. ताइतांविषयी काहीही म्हणावे. परंतु दोषोच्चाराचा नियम हीन म्हणता येत नाही. जो ग्रंथ सहजतेने वागण्यास सांगतो, तो सहजतेने अपराध करणाऱ्याचे काय करावे हे पुरतेपणी सांगत नाही. च्वांगत्सेने सहज कर्माचा जो प्रसिद्ध दृष्टांत दिला, तो बैल कापणाऱ्या आचाऱ्याचा आहे. त्याची सुरी सांध्यांमधून अडखळल्यावाचून फिरते, हे सर्व खरे. परंतु अहिंसाधर्मी महानुभाव वाचकाच्या मनात तेथे प्रश्न उठतोच : बैलाचे काय?

येथेच ब्रह्मविद्येचा भेद स्पष्ट होतो. जीव, देवता, प्रपंच व परमेश्वर हे चार पदार्थ नित्य व परस्परांहून भिन्न आहेत. जीव अनादि अविद्येने बद्ध आहे. तेव्हा त्याने आपल्या सहज स्वभावाकडे परतावे म्हटले, तर तो बंधाकडेच परतेल. त्याचा उद्धार परमेश्वराच्या कृपेने होतो, आणि त्या कृपेस पात्र होण्यासाठी आचार लागतो : स्मरण, भिक्षा, अटन, आणि प्रमाद घडल्यास अनुताप व प्रायश्चित्त. आचार हा येथे ज्ञानास मागाहून चिकटलेला मळ नाही.

ग्रंथांची घडणही हेच दाखविते. श्रीचक्रधर स्वामींच्या उत्तरापंथे गमनानंतर म्हाइंभटांनी प्रत्यक्षदर्शींकडून लीळा मिळवून इ. स. १२७८ च्या सुमारास ऋद्धिपूर येथे ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. केसोबासांनी त्यातील स्वामींची वचने निवडून ‘सूत्रपाठ’ रचला. म्हणजे सूत्र लीळेतून निघाले आहे. कोणते वचन कोणास, कोणत्या प्रसंगी बोलले गेले हे सोडून ते लाविले, तर अर्थ बिघडतो. म्हणूनच सूत्राबरोबर प्रकरण पाहण्याची शिस्त पडली. लाओत्सेच्या ग्रंथास असा प्रसंग नाही, श्रोता नाही. त्यामुळे त्यातून कोणी राजनीती काढली, कोणी योग, कोणी रसायन.

तथापि महानुभावांनी यावरून निश्चिंत होऊ नये. यवतमाळलगतच्या लोहाऱ्यासारख्या गावातील उपदेशी नामधारक ऋद्धिपुरास जाऊन ओट्यास दंडवत घालतो, तेव्हा तो दगडास देव मानीत नाही. अवताराच्या संबंधाने पावन झालेल्या स्थानास वंदन करून तेथील लीळेचे स्मरण करतो. पण ती लीळाच त्यास ठाऊक नसेल, आणि पीक यावे, खटला जिंकावा एवढ्यासाठीच तो वाकत असेल, तर चांग ताओ-लिंगाच्या अनुयायांच्या ताइतात आणि त्याच्या दंडवतात भेद कोणता? त्यास लीळा सांगणे हे वासनिक कुटुंबातील वडीलधाऱ्यांचे व भिक्षुकांचे काम आहे, आणि ते ओट्यापाशीच, यात्रेच्या दिवशी, गर्दीत उभे राहूनही करता येते.