तिसरा प्रश्न

महागडा ड्रमसेट घ्यायला निघालेला माणूस दोन प्रश्न विचारतो. आवाज कसा आहे? बांधणी कशी आहे? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. वर्धा जिल्ह्यात एके काळी प्रत्येक वस्तूला तिसराही प्रश्न विचारला जाई. पण पहिले दोन ज्याला नीट विचारता येत नाहीत, त्याचा तिसरा प्रश्न नुसती शेरेबाजी ठरतो. म्हणून आधी पहिले दोन.

*

दुकानात ऐकू येणारा आवाज दुकानाचा असतो. ड्रमवर ताणलेली कोरी पाने, जाणत्या माणसाने लावून ठेवलेला सूर, लहान खोलीच्या भिंती. यातले काहीच आपल्याबरोबर घरी येत नाही. घरी येते ते लाकूड, लोखंड आणि त्यांचा जोड.

नीट सुरात लावलेला स्वस्त ड्रम बेसूर पडलेल्या महाग ड्रमला हमखास हरवतो. त्यामुळे दुसऱ्याने लावलेल्या सुरावर भाळू नये. सगळे स्क्रू सैल करावेत आणि स्वतः सूर लावावा. जे वाद्य सहज सुरात येते आणि तासभर वाजवल्यावरही तिथेच राहते, त्याला पैसे द्यावेत.

पान काढा. ड्रमच्या लाकडी कवचाची कडा सपाट काचेवर उपडी टेकवा. आत दिवा ठेवा आणि खोलीत अंधार करा. कडेखालून जिथे उजेड झिरपतो, तिथे पान नीट बसत नाही आणि सूरही तिथेच फितूर होतो. कवच घडवणारे कारागीर हीच परीक्षा घेतात. हौशी गिऱ्हाईक वाद्यावर बाहेरून उजेड पाडून पाहते, जाणकार आतून.

मेपलचा आवाज भरीव आणि गोल, बर्चचा नेमका आणि टोकदार. पातळ कवच लवकर थरारते आणि खालचा सूर देते. जाड कवच आवाज पुढे फेकते. हे सारे खरे आहे. पण लाकडाचे नाव कळताच तसा आवाज ऐकू येऊ लागला, तर तो कान आपला राहिलेला नाही, जाहिरातीचा झाला आहे.

कवचाला भोके जितकी कमी, तितका थरार मोकळा. म्हणून उत्तम संचातला टॉम नावाचा ड्रम कवचात दांडा न खुपसता कड्याच्या आधाराने टांगतात. वाद्याला धरून ठेवावे लागतेच. कुठे धरायचे नाही, ते ज्याला कळते तो बांधणारा.

जोरात वाजवले की कुठलेही वाद्य बरे वाटते. काडीचे टोक नुसते टेकवा. स्नेअर ड्रमखालच्या तारा तेवढ्यावर बोलल्या, तर बांधणी खरी.

आवाज सुरू कसा होतो ते सगळेच ऐकतात. तो संपतो कसा ते ऐकावे. चांगल्या ड्रमचा आवाज एकसारखा विरतो. ताण सगळीकडे सारखा नसेल, तर विरता विरता तो डळमळतो आणि एकाच पानातून दोन सूर भांडू लागतात.

*

तबल्याच्या पुडीभोवती विणलेल्या गजऱ्याला सोळा घरे असतात. एक घर उतरले की उरलेल्या पंधरांचा सूरही खोटा पडतो. तबलजी हातोडी घेऊन उतरलेले घर शोधतो. चढलेल्या घराचे कौतुक करत बसत नाही. प्रगतीचे अहवाल लिहिणाऱ्यांनी अधूनमधून तबलजीशेजारी बसावे.

नुसते ताणलेले गोल कातडे मुळात बेसूरच असते. त्याच्या मूळ कंपनावर उठणारी वरची कंपने 1.59 पट, 2.14 पट, 2.30 पट अशी आडवीतिडवी असतात. त्यांतून गोंगाट निघतो, स्वर निघत नाही. तबल्याच्या आणि मृदंगाच्या पुडीवरल्या काळ्या शाईने हा गोंधळ मोडून काढला आणि वरची कंपने पूर्णांकांच्या पटीत आणून बसवली. सी. व्ही. रामन यांनी हे 1920 साली ‘नेचर’मध्ये मांडले आणि 1934 साली सविस्तर उलगडले. तो शोध रामन यांच्या नावावर आहे, आणि ते योग्यच आहे. शाईचा शोध मात्र कुणाच्याच नावावर नाही.

शाई एकदम भरत नाहीत. लोखंडाची पूड घातलेल्या खळीचा थर द्यायचा, दगडाने घासायचा, सुकू द्यायचा, पुन्हा थर. घासता घासता तिला बारीक तडे जातात. हे तडे हवे असतात. त्यांच्यामुळे शाई कातड्याबरोबर लवते. अखंड राहिलेली शाई दिसायला देखणी असते, बोलायला मुकी.

*

वर्ध्याचा मे महिना पारा 45 अंशांपर्यंत नेतो. कोरड्या उन्हात कातडे आक्रसते, सूर चढतो, आणि लक्ष नसले तर पुडी फाटते. जुलैत तेच कातडे ओल पिते आणि उतरते. इथे वाद्याची पारख एका दिवसात होत नाही. उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही काढलेले वाद्यच पारखलेले.

1957 च्या सुमारास अमेरिकेत रेमो बेली यांनी मायलार प्लास्टिकचे पान बाजारात आणले आणि ड्रमच्या मागची हवामानाची कटकट सुटली. सोय मोठी झाली. ती नाकारण्यात शहाणपण नाही. पण कातडे वाजवणाऱ्याला रोज सूर लावावा लागे, आणि रोज सूर लावणारा रोज ऐकत असे. सोयीने वेळ वाचवला. त्या वेळात होणारे ऐकणेही वाचवून टाकले.

लग्नाच्या ऑर्केस्ट्रात आता ऑक्टोपॅड हे इलेक्ट्रॉनिक वाद्य असते. त्याला पोकळीच नाही. दुसऱ्या कुणीतरी, दुसऱ्या कुठल्यातरी खोलीत वाजवलेला ठोका ते आज्ञेप्रमाणे हजर करते. त्याचा सूर उतरत नाही, कारण तो कधी चढवलेलाच नसतो.

*

महागड्या संचाची सारी कसोटी एकदा खंजिरीला लावून पाहावी. लाकडी कडे, एका बाजूला मढवलेले कातडे, कडेत पितळी चकत्या. खोली नाही, घुमारा नाही, पायाने वाजवायचा ड्रम नाही. कागदावर ती पहिल्याच फेरीत बाद होईल.

हीच खंजिरी घेऊन तुकडोजी महाराज भजने गात विदर्भभर फिरले. 1936 साली ते गांधीजींकडे सेवाग्रामला राहिले. ऑगस्ट 1942 च्या ‘चले जाव’ उठावात चिमूर पेटले, वर्धा जिल्ह्यातले आष्टी पेटले. त्या उठावामागे त्यांच्या भजनांची धग होती, आणि सरकारने त्यांना तुरुंगात टाकले. आवाजाची ताकद डेसिबलमध्ये मोजतात. त्या वर्षी ती अटकेच्या हुकमाने मोजली गेली.

एका हातात मावणारे वाद्य पायी चालू शकते. जे वाहून न्यायला टेम्पो लागतो, ते रस्ता जाईल तिथवरच जाते. वाद्यात किती आवाज मावतो हे बांधणारा ठरवतो. तो कुठवर पोचतो हे वाद्याचे वजन ठरवते. संच घेताना पहिल्या गोष्टीची चर्चा तासभर चालते, दुसरी आठवते ती जिना चढताना.

*

आता तिसरा प्रश्न.

1934 साली वर्ध्यात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि मगनवाडीत त्याचे काम सुरू झाले. जे. सी. कुमारप्पा त्याचे चिटणीस. हिशेब तपासणे हा त्यांचा मूळ पेशा. त्यांनी वस्तूंचाही हिशेब तपासायला घेतला, आणि त्यांच्या लक्षात आले की किमतीच्या चिठ्ठीवर एक रकाना कायम कोरा असतो. ही वस्तू कुणी केली, कशातून केली, करताना करणाऱ्याची अवस्था काय होती? विकत घेणाऱ्याने या रकान्याकडे पाहिले नाही म्हणून तो त्या जबाबदारीतून सुटत नाही, असे त्यांच्या मांडणीचे सार.

ड्रमला हा प्रश्न विचारणे अवघड आहे. ड्रम मुळात कातड्याचा आहे.

सोनोर ही ड्रमच्या दुनियेतली मानाची पेढी. 1875 साली जर्मनीतल्या वाइसनफेल्स गावात योहानेस लिंक यांनी ती सुरू केली. सुरुवात झाली ढोलांसाठीच्या कातड्यांपासून आणि साध्या तालवाद्यांपासून. तिथे कातड्याच्या कामातून पेढी उभी राहिली. इथे त्याच कामाने माणसाला जात चिकटवली.

मृदंग देवापुढे वाजतो. शतकानुशतके त्याच्या कातड्याला आत प्रवेश होता, कातडे कमावणाऱ्याला नव्हता. भक्तांनी कातड्याचा विटाळ मानला नाही, कारण त्यातून आवाज येत होता. माणसातूनही आवाज येतो; तो ऐकायची तयारी नव्हती. 1928 साली जमनालाल बजाज यांनी वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्यांसाठी खुले केले, तेव्हा तिथल्या माणसाला निदान मृदंगाच्या बरोबरीचा हक्क मिळाला. त्याचा आवाज ऐकला जाणे अजून पुढेच होते.

वर्ध्यालगतच्या नालवाडीत, जिथे काही काळ विनोबा भावे यांचा मुक्काम होता, एक चर्मालय निघाले. तिथे आपोआप मेलेल्या जनावरांचेच कातडे कमावले जाई. वाळुंजकरांसारख्या शिकलेल्या कार्यकर्त्यांनी हे काम अंगावर घेतले. कातडे सोलणे, चुन्यात टाकणे, साल घालून कमावणे यात कमीपणा नाही, हे पटवून देणारी भाषणे गावोगाव झाली असतील. पण ज्या हातांना तो वास लागला, त्यांचे पटवणे वेगळे.

*

एवढ्यावर गोष्ट संपली असती, तर ती फार सोयीची झाली असती.

14 ऑक्टोबर 1956 रोजी शेजारच्या नागपुरात बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली आणि दिली. गावची मेलेली गुरे ओढायची नाहीत, हे त्यांनी लोकांना त्याआधीपासून सांगितले होते. विदर्भातल्या कित्येक गावांत दीक्षा घेतलेल्या माणसांनी गुरे ओढणे सोडले आणि डफडेही खाली ठेवले. लग्न पाटलाचे, सण गावाचा, वाजवायचे मात्र यांनीच आणि तेही दाराबाहेर उभे राहून. ते वाजवणे थांबले.

एकाच मेलेल्या जनावराशी वर्ध्याच्या परिसरात दोन नाती जुळली. नालवाडीने ते उचलले, दीक्षा घेतलेल्यांनी ते टाकले. दोघांचाही शब्द प्रतिष्ठा हाच होता. उचलणाऱ्याला दुसरे काम करता येत होते, म्हणून त्याचे उचलणे त्याग ठरले. टाकणाऱ्याला दुसरे काम दिले जात नव्हते, म्हणून त्याचे टाकणे स्वातंत्र्य ठरले. त्यागाचा गौरव लवकर होतो. स्वातंत्र्याला आधी उपाशी राहावे लागते.

वाद्य खाली ठेवणे हीसुद्धा वाद्याची पारखच. डफड्याचा आवाज चांगला होता, बांधणीही टिकाऊ होती. पहिल्या दोन प्रश्नांना ते पुरून उरले. तिसऱ्यावर नापास झाले.

पुढे त्याच वस्त्यांमधून भीमगीते उठली आणि ढोलकी घुमू लागली. म्हणजे वैर कातड्याशी नव्हते. बोलावल्यावर वाजवणे आणि वाटल्यावर वाजवणे यांत ठोका तोच असतो, मात्रा त्याच असतात. फरक कळायला कान पुरत नाहीत. वाजवणारा उभा कुठे आहे ते पाहावे लागते.

*

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर कधीच निर्मळ येत नाही. मायलारच्या पानात जनावर नाही, पण ते प्लास्टिक आहे. मेपल कुठल्यातरी जंगलातून आलेले असते. तबल्याच्या पुडीसाठी बकरी गेली, वादीसाठी म्हैस. निर्दोष वाद्य शोधत बसणाऱ्याने शेवटी टाळ्या वाजवाव्यात. आणि टाळीलाही भाकरी लागतेच.

प्रश्न विचारायचा तो हात झटकण्यासाठी नाही, हात ओळखण्यासाठी. ड्रमसेटच्या कवचावर कंपनीचे नाव असते. तबल्याच्या पुडीवर सहसा कुणाचेच नसते. आपण वाजवतो त्या पुडीची शाई कुणी घासली, हे विचारायला एक वाक्य पुरते. ते वाक्य न विचारता आयुष्यभर रियाज होऊ शकतो, झालाही आहे.

काही लाखांचा संच घेताना माणूस शोरूममध्ये छापील किंमत मुकाट मोजतो. तिथे घासाघीस करणे त्याला शोभत नाही. तोच माणूस पुडी बदलून द्यायला आलेल्या कारागिराशी दारात उभ्या उभ्या पन्नास रुपयांवरून हुज्जत घालतो. त्याचा कान तयार असेल, हात बसलेला असेल, लाकडाची जात तो डोळे मिटून सांगत असेल. वाद्य त्याला अजून कळलेले नाही.