तिने सगळे सांगितले



मार्ककृत शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायातली रक्तस्रावाने पिडलेली स्त्री आपल्या ओळखीची आहे. बारा वर्षांचे दुखणे, वैद्य करून थकलेली, जवळचे होते-नव्हते ते संपलेले. तिने प्रभूच्या वस्त्राला हात लावला आणि ती बरी झाली. मग प्रभू थांबले कशाला? आजार तर गेला होता. तरी त्यांनी विचारले, आणि तिने भीत भीत सगळी हकीकत सांगितली. तिकडे याईराची मुलगी शेवटच्या घटका मोजत होती. हे बोलणे चालू असतानाच ती वारल्याचा निरोप आला.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना हा प्रश्न मला सुटला नव्हता. एकीचे ऐकायला दिलेला वेळ दुसरीच्या वाट्यातून जात नाही का? जातो. बाहेर साठ माणसांची रांग असताना डॉक्टर तरी किती ऐकणार?

पण न ऐकण्याचीही किंमत असते. आपल्याच जिल्ह्यात डॉ. राणी बंग यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. तो अभ्यास १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग निघाले, आणि पूर्वी तशी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. दुखणे होतेच, विचारणारे कोणी नव्हते. हेमलकशाला १९७३ पासून काम करणाऱ्या डॉ. प्रकाश आणि मंदाकिनी आमटे यांना तर आधी माडिया शिकावी लागली.

मला ती अजून नीट येत नाही. मागच्या पावसाळ्यात एका म्हाताऱ्या आईला घेऊन दवाखान्यात गेलो होतो. ती माडियात बराच वेळ बोलली. नातवाने मराठीत सांगितले, “पोट दुखते म्हणते.” डॉक्टरांनी तेवढेच लिहिले. मीही घड्याळ पाहत होतो, लवकर आटोपले म्हणून बरे वाटले. परतताना जीपमध्ये नातवाकडून उरलेले कळले. क्षयाच्या गोळ्या तिने दोन महिन्यांपूर्वीच सोडल्या होत्या. उपाशीपोटी घेतल्या की मळमळते, आणि सकाळी घरात खायला काही नसते.

आम्ही जीप वळवली नाही, अंधार पडत होता. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो, या वेळी तिचे पूर्ण ऐकून.

आपल्या धर्मग्रामात ज्यांना माडिया येते आणि रोग्यासोबत दवाखान्यात जायला आठवड्यातून एक सकाळ काढता येईल, त्यांनी आज मिस्सानंतर मला भेटावे.

आपला,
धर्मगुरू