एकवीस धावांचा भाऊ

माणसाचे कर्तृत्व कशाने मोजावे? जगाजवळ एकच सोपे माप आहे, आकड्याचे. ते किती तोकडे पडते, याचा दाखला क्रिकेटच्या इतिहासात आहे.

1943 सालच्या पंचरंगी स्पर्धेचा अंतिम सामना मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर झाला. हिंदू संघाने 5 बाद 581 धावांवर डाव सोडला. विजय मर्चंट 250 धावांवर नाबाद राहिले. समोरचा ‘रेस्ट’ संघ 133 धावांत आटोपला आणि त्याला लगेच पुन्हा खेळायला यावे लागले. या दुसऱ्या डावात संघाच्या 387 धावांपैकी 309 एकट्या विजय हजाऱ्यांच्या. त्यांच्या जोडीला उभा राहिला त्यांचा भाऊ विवेक. दोघांनी मिळून 300 धावांची भागी केली. तीत विवेकच्या धावा 21. संघ अखेर एक डाव व 61 धावांनी हरलाच.

मग या एकविसांची किंमत काय? अंकगणित म्हणेल, क्षुल्लक. पण विवेक लवकर परतला असता, तर त्या 309 कोठून आल्या असत्या? फलंदाज कितीही थोर असो, दुसऱ्या टोकाला कोणी उरले नाही की त्याचाही डाव संपतो. आमच्या यवतमाळकडे पेरणीत तिफण हाकणारा पुढे असतो, सरत्यातून बी सोडणारी बाई मागे. पीक मात्र हाकणाऱ्याच्या नावावर!

इथे एक सावधगिरी हवी. दुसऱ्याचे टोक सांभाळणाऱ्याची स्तुती करता करता आपण त्याला तिथेच बांधून टाकतो. एका भावाने शिकावे म्हणून दुसरा शेतावर राहतो; घर चालावे म्हणून एखादी बहीण आपले मन मारते. आपण त्याला त्याग म्हणतो आणि मोकळे होतो. एखाद्या डावात दुसऱ्यासाठी उभे राहणे हा मोठेपणा आहे. पण जन्मभर एकानेच उभे राहावे आणि दुसऱ्यानेच धावा घ्याव्यात, ही केवळ इतरांची सोय होय.

या भाऊबीजेला सारे घर एकत्र जमेल. त्यात असे एकवीस धावांचे माणूस असेलच. त्याचे कौतुक अवश्य करावे, पण त्याहून आधी त्याला विचारावे, “आता तुझा डाव केव्हा?”