कान तुटलेला कप

आमचा भाचा प्राध्यापक झाल्यापासून आमच्या घरात चहाला शांतता अशी लाभलेली नाही. वास्तविक त्याचा विषय इतिहास. पण बोलतो तो सगळ्या विषयांवर. मी पडलो बी. कॉम.! माझं तत्त्वज्ञान डेबिट आणि क्रेडिट यांपलीकडे गेलेलं नाही. ज्या रकमेचा पत्ता लागत नाही, ती आम्ही बँकवाले सस्पेन्स खात्याला टाकतो आणि घरी जातो. देव आहे की नाही, हा प्रश्न मी नोकरीला लागलो त्याच वर्षी त्या खात्यात टाकला. तेव्हापासून झोप चांगली लागते.

परवा आमच्याकडे सत्यनारायण होता. भाचेबुवा आले, वाकून नमस्कार केला, शिरा दोनदा मागून घेतला आणि मग म्हणाले,

"मामा, माझा यावर विश्वास नाही."

"शिऱ्यावर?"

"पूजेवर."

"मग मनगटाला तो लाल दोरा कसला?"

प्राध्यापक किंचित गडबडले. "तो आईनं बांधलाय. सोडला तर तिला वाईट वाटतं. आणि याला इतिहासात आधार आहे!"

प्राध्यापकांना दोऱ्यालासुद्धा आधार लागतो!

आधार निघाला १८९० सालच्या पुण्यातला. पंचहौद मिशनमध्ये शहरातली बडी मंडळी जमली होती. न्यायमूर्ती रानडे, टिळक, शिवाय फर्ग्युसन कॉलेजातले २४ वर्षांचे प्राध्यापक गोखले. मिशनऱ्यांनी चहा-बिस्किटं पुढे केली. कुणी चहा घेतला, कुणी नुसता कप हातात धरून खाली ठेवला. गोपाळराव जोशींनी सगळ्यांची नावं छापून आणली आणि पुण्यात एकच गहजब उडाला! ग्रामण्य झालं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. टिळकांनी आपण काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं. रानड्यांनी १८९२ साली घेतलं, तेही जवळच्या माणसांच्या त्रासापायी. रमाबाईंना ते मुळीच रुचलं नव्हतं.

"म्हणजे एवढा मोठा माणूस आपल्या माणसांसाठी वाकला," भाचा म्हणाला. "माझा तर नुसता दोरा आहे."

मला भलताच हुरूप आला. "एका कपात धर्म बुडायचा म्हणे! काय ती माणसं! आपण किती पुढे आलो बघ," असं म्हणून मी आत चहाची दुसरी ऑर्डर सोडली. पाहुण्यांमुळे कप कमी पडत होते, म्हणून भाचा स्वतः स्वयंपाकघरात गेला आणि एक कप घेऊन बाहेर आला. कान तुटलेला.

"मामा, हा खिडकीत एकटाच पालथा का?"

सौ. एकदम भांडी आवरायला लागली. मी चष्मा पुसला. तो कप आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशींचा. बारा वर्षं त्या आमची सगळी भांडी घासतात, म्हणजे आमचे सगळे कप त्यांच्याच हातचे; पण त्यांचा स्वतःचा चहा मात्र खिडकीतल्या कपात.

"आईची जुनी सवय आहे रे," मी म्हणालो. "पंचाहत्तरी उलटली तिची. बदललं तर तिला वाईट वाटतं."

म्हणालो आणि जीभ चावली. शब्द भाच्याचेच होते. तो काही बोलला नाही. प्राध्यापक गप्प बसला की फार बोचतं हो!

रात्री मी हिशेब मांडला. दोरा भाच्यानं आईसाठी बांधला; काच त्याच्याच मनगटाला. रानडे वाकले, बोलणी त्यांनीच खाल्ली. मीही आईसाठीच वाकत होतो. पण मान आईला, मोठेपणा मला आणि खर्च मावशींच्या खात्यावर! खातेदाराच्या सहीशिवाय त्याच्या खात्यातून पैसे काढले तर आमच्याकडे नोकरी जाते. इथे मी बारा वर्षं काढत होतो आणि वर स्वतःला आज्ञाधारक मुलगा समजत होतो.

दुसऱ्या दिवशी चहा मी केला आणि मावशींना पाहुण्यांच्या सेटमधल्या कपात दिला. त्यांनी आधी कपाकडे पाहिलं, मग आईच्या खोलीकडे.

"राहू द्या दादा, आजी रागावतील."

"माझ्यावर रागावतील," मी म्हणालो.

मावशींनी चहा घाईघाईनं संपवला, कप धुतला आणि सवयीनं खिडकीत पालथा घातला. बारा वर्षांची सवय एका चहानं कशी जाणार? मी तो उचलून इतर कपांत ठेवला. कान तुटलेला कप आता माझ्या दाढीच्या पाण्याला आहे.

आई तीन दिवस माझ्याशी बोललेली नाही. हा रुसवा मात्र रीतसर माझ्याच खात्यावर पडला. काल भाच्याचा फोन आला, "आजीची समजूत घालायला येऊ का?"

म्हटलं, "ये. पण दोरा सोडून येऊ नकोस. एका वेळी एकच!"